बादली, टेप आणि नमुना ‘ब’

अग्निशमन दलात नवा सब ऑफिसर आला की तो कुठे शिकून आलाय, हे आमच्या काळी कुणी विचारत नसे. ‘नागपूरची कोणती बॅच?’ एवढाच प्रश्न असे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं, पुढच्याच वर्षी नागपुरात आलं आणि सिव्हिल लाइन्समधल्या पाम रोडवर असं काही रुजलं, की बंबखात्यातल्या माणसाला नागपूर म्हटल्यावर संत्री मागाहून आठवत, आधी तिथलं ड्रिलचं मैदान आठवे.

ऐंशीच्या दशकात मी तिथून शिकून बाहेर पडलो. नोकरी सरली, निवृत्त झालो. आता अधूनमधून नव्या मुलामुलींपुढे बोलायला बोलावतात. विषय बहुधा ठरलेला असतो : इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी. समोरच्यांच्या वह्या, त्यांचे प्रश्न, त्यांच्या हातातली यंत्रं बघितली की आमचं शिक्षण आणि यांचं शिक्षण मनातल्या मनात शेजारी शेजारी बसतं. कोण वरचढ, याचा निकाल मात्र वाटतो तितका सरळ लागत नाही.

आमचा दिवस पहाटेच्या शिट्टीनं सुरू व्हायचा. खोलीत केरळचा एक, पंजाबचा एक, आसामचा एक आणि मराठी मुलखातला मी. चौघांची मिळून जी हिंदी तयार झाली ती व्याकरणाच्या कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही, पण शिडी धरताना ती पुरायची. नागपूरचा उन्हाळा डोक्यावर यायच्या आत मैदानावरचं काम उरकायचं, म्हणून उजाडायच्या आधीच परेड. मग होज पसरायचे, गुंडाळायचे, पुन्हा पसरायचे. कपलिंग जोडताना ‘टक्’ असा आवाज आला नाही तर उस्तादांना पन्नास पावलांवरून कळे.

या सगळ्यात हुक लॅडर ही अजब चीज. हलकी, अरुंद शिडी आणि तिच्या डोक्याला लांब दातेरी आकडा. खिडकीत बसायचं, शिडी वर सरकवायची, आकडा वरच्या मजल्याच्या खिडकीत अडकवायचा, एक हिसका देऊन तो नीट बसलाय ना ते बघायचं आणि मग सगळं अंग त्या आकड्याच्या भरवशावर सोडून चढायचं. वर पोचलं की एक पाय आत टाकून खिडकीत बसायचं आणि शिडी पुन्हा वर. असे मजल्यामागून मजले. खाली जाळी असायची, पण खाली बघितलं तर उस्ताद ओरडत. पहिल्या आठवड्यात तळहातांना फोड, दुसऱ्यात घट्टे, आणि त्यानंतर मात्र त्या टॉवरवर मित्राला हाक मारत चढण्याइतकी भीड चेपायची.

अग्निप्रतिबंध हा विषय या शूरपणाच्या मागे कुठेतरी अंग चोरून उभा असे. वेळापत्रकात त्याची जागा दुपारच्या जेवणानंतरची. पंखा गरगरतोय, मेसमधला भात पोटात उतरलाय आणि फळ्यावर जिन्याची रुंदी, दाराची रुंदी, पायरीची उंची. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली पहिल्यांदा निघाली आणि १९८३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिचा चौथा भाग आगीबद्दलचा. पण ग्रंथालयातली प्रत नेहमी कुणाच्या तरी नावावर गेलेली असायची. हाताशी सापडायचं ते इंग्लंडच्या गृहखात्याचं ‘मॅन्युअल ऑफ फायरमनशिप’. जाडजूड भाग, सुरेख आकृत्या, आणि मजकूर सगळा तिकडचा. बाहेर पंचेचाळीस अंशांचा पारा आणि आम्ही इंग्लिश घरांतल्या धुराड्यांना लागलेली आग कशी विझवावी ते घोकतोय! वाड्यातल्या माळ्यावर साठवलेल्या गोवऱ्या पेटल्या तर काय करावं, यावर त्या पुस्तकात अक्षर नव्हतं.

तरीही आमच्यातल्या काहीजणांना हा विषय लागला, तो एका प्रशिक्षकांमुळे. ते आम्हाला थिएटरात न्यायचे. सिनेमा दाखवायला नव्हे, सिनेमा सुटताना बघायला. खेळ संपायच्या थोडं आधी आम्हाला जोडीजोडीनं एकेका दारापाशी उभं करायचे, हातात घड्याळ. दिवे लागले की लोंढा बाहेर पडे आणि आम्ही बघत राहायचो. पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यात भरली. लाल अक्षरांत ‘बाहेर’ लिहिलेली बाजूची दोन दारं सताड उघडी होती, तरी बहुतेक माणसं ज्या दारानं आत आली होती त्याच दाराकडे वळली. बाजूच्या दारातून मोजकी पोरं गेली, तीही पानाची टपरी त्या बाजूला होती म्हणून. बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, ‘दिवे असताना, कसलीही घाई नसताना ही तऱ्हा, तर धुरात काय होईल?’ नुसतं दार आहे म्हणून भागत नाही, ते माणसाला आधीपासून ठाऊक असावं लागतं, हा धडा कोणत्याही संहितेच्या आधी मला त्या थिएटरच्या पायऱ्यांवर मिळाला.

थिएटरची तपासणी ही तेव्हाच्या अधिकाऱ्याची खरी परीक्षा असे. दारं बाहेरच्या बाजूला उघडतात का, कडी एका धक्क्यानं सुटते का, प्रोजेक्शनच्या खोलीच्या झरोक्यांवरची पत्र्याची झडप पडते का, सगळं हातानं करून बघायचं. आणि मग त्या लाल बादल्या. ओळीनं टांगलेल्या, काहींत पाणी, काहींत वाळू. या बादल्यांचा बुडखा गोल का असतो, हे प्रत्येक नव्या पोराला विचारायचा रिवाज होता. सपाट बुडाची बादली दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला जाते. गोल बुडाची जमिनीवर उभीच राहत नाही, म्हणून जागेवर टिकते. मात्र गोल बुडालाही पुरून उरणारी आपली माणसं. वाळूच्या बादलीत विडीची थोटकं, शेंगांची फोलपटं आणि फाटलेली तिकिटं हमखास निघायची.

नागपूरहून दलात रुजू झालो तेव्हा खरं शिक्षण सुरू झालं ते तांडेलांच्या, म्हणजे जवानांच्या तुकडीप्रमुखांच्या, हाताखाली. आमचे एक तांडेल जुन्या पेठांमध्ये वाढलेले, निवृत्तीला आलेले. अंगावर खाकी, तोंडात तंबाखू, आणि डोक्यात आख्खं गाव. कोणत्या बोळात बंब शिरतो आणि कुठे तो अडकून बसेल, कोणत्या वाड्याला मागून दिंडीदरवाजा आहे, कोणत्या चौकातल्या हायड्रंटला पाणी येतं आणि कोणता नुसता शोभेचा, कोणत्या गोदामाच्या पाटीवर कापड लिहिलंय पण आत रसायनांची पिंपं आहेत, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा मी मोठ्या ऐटीत टेप काढून एका वाड्याचा जिना मोजायला लागलो, तर म्हणाले, ‘साहेब, मोजा जरूर. पण आधी एकदा डोळे मिटून उतरा. रात्री वर्दी आली की टेप दिसणार नाही.’ उतरलो. सातव्या पायरीला जिना वळत होता आणि त्या वळणावर कुणीतरी पिठाचा डबा ठेवला होता.

हे सगळं ज्ञान माणसात होतं, कागदावर नव्हतं. तांडेल निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर ते घरी गेलं. जुन्या काळाचं कौतुक करताना आम्ही हे सोयीस्कर विसरतो.

आणखी एक गोष्ट विसरतो : अधिकार. नव्या इमारतीचे नकाशे आमच्याकडे ना हरकत दाखल्यासाठी यायचे. अमोनिया प्रिंटचे ते जांभळट रेघांचे कागद उलगडले की नाकात झणका जायचा. त्यावर जिने, टाक्या, बंब फिरायला मोकळी जागा बघायची, शेरे मारायचे. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, की बहुतेक ठिकाणी आमचा हात तिथंच सुटायचा. पुढे कधी सोसायटीत गेलो तर सेक्रेटरी आदरानं चहा द्यायचे, ‘करून घेतो साहेब’ म्हणायचे, आणि वर्षभरानं गेलो तर चहा तोच, वाक्यही तेच. होजची पेटी उघडावी तर आत केरसुणी आणि चपला. पितळी नोझल कधीच भंगारवाल्याकडे गेलेलं. आम्हाला दिसायचं सगळं; करता यायचं फार थोडं.

हे चित्र बदललं ते महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्यानं. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणं आणि ती सतत चालू ठेवणं, ही जबाबदारी त्यानं थेट मालकावर आणि भोगवटादारावर टाकली. यंत्रणा बसवणारं अभिकरण परवानाधारक असावं लागतं. ते नमुना ‘अ’मध्ये दाखला देतं, आणि पुढे दर वर्षी जानेवारीत व जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’ सादर करावा लागतो. ऐकलं नाही तर नोटीस, आणि धोका मोठा असेल तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत आणि इमारत रिकामी करवण्यापर्यंत अधिकार. आम्ही जे चहाच्या कपावर विनवून मागत होतो, ते आता कलम दाखवून मागता येतं.

कायदा आला म्हणून शिकवणंही बदललं. सांताक्रूझच्या विद्यानगरीतल्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीत फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो आणि उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी असा एका वर्षाचा जोड अभ्यासक्रम. म्हणजे आग विझवणं आणि ती लागूच नये म्हणून बघणं, दोन्ही एकाच माणसाला शिकायचं. आमच्या वेळी दुपारच्या डुलक्यांना बहाल केलेला विषय आता सकाळी ताज्या डोक्यानं शिकवला जातो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ आणि २०१६ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ही मुलं २०१६ ची आवृत्ती मोबाइलवर घेऊन फिरतात. ग्रंथालयातली प्रत कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्नच मिटला.

त्यांना जे शिकवतात ते ऐकून मला खरोखर हेवा वाटतो. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे उंच इमारत, इतकं आम्हीही शिकलो. पण हे त्यापुढचं शिकतात. खोलीच्या कोपऱ्यातून सुरक्षित जिन्यापर्यंत माणसाला किती चालावं लागेल. एका मजल्यावर किती माणसं धरायची आणि त्यांना किती रुंदीचे जिने लागतील. मजल्याची आगरोधक कप्प्यांत विभागणी कशी करायची. जिन्यात हवेचा दाब किती ठेवला तर धूर आत येणार नाही आणि तरीही आजीबाईंना दार ढकलता येईल. चोवीस मीटरच्या वर गेलेल्या इमारतीत आसरा घेण्याची मोकळी जागा कुठे ठेवायची. आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुरानं जास्त मरतात, हे आम्हाला अनुभवानं उमगलं. यांना पहिल्याच आठवड्यात आकृतीसह कळतं, आणि तपासणीला गेल्यावर डोळे विझवण्याच्या साधनांइतकेच धुराच्या वाटांवरही जातात. केबलच्या डक्टमधली बुजवायची राहिलेली भोकं आम्ही कधी मोजलीच नव्हती.

पूर्वी वर्गात किस्से असत, आता घटनांचा अभ्यास असतो. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गेली. खाली ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर वर चढला, आणि बाल्कनीत जादा खुर्च्या घालताना बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती. २१ जून २०१२ ला आपलं मंत्रालय पेटलं. फॉल्स सीलिंग, लाकडी पार्टिशनं आणि फायलींचे ढीग यांनी आग कशी पळवली, ते मुलं नकाशावर बघतात. जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये काचेच्या दर्शनी भागामागे धूर आणि उष्णता कोंडली आणि एक जवान गेला. मे २०१९ मध्ये सुरतेत वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली बावीस मुलं गेली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं गेली, आणि त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी झाली. अभ्यासक्रमातलं जवळपास प्रत्येक नवं पान असं कुणाच्या तरी घरावर कोसळलेल्या दुःखातून आलेलं आहे.

खरं तर आमच्या पिढीनंही हे आधीच शिकायला हवं होतं. चौदा एप्रिलला आम्ही दर वर्षी मानवंदना द्यायचो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा सप्ताह असतो. बिगूल वाजे, डोळे ओले होत. पण एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं भरली होती, ही त्या दुर्घटनेतली सर्वांत मोठी शिकवण वर्गात फार तर दोन वाक्यांत आटपायची. शौर्याची गोष्ट सांगायला आम्हाला आवडे. साठवणुकीची गोष्ट रुक्ष वाटे. आता त्या जहाजाचा धडा अग्निप्रतिबंधाच्या तासाला शिकवतात, आणि तीच त्याची योग्य जागा आहे.

साधनांचं तर बोलायलाच नको. आमचं सोडा-ॲसिडचं नळकांडं आठवतं? डोक्यावरची खुंटी ठोकली की आतली आम्लाची काचेची बाटली फुटायची, सोड्याच्या पाण्यात मिसळायची आणि वायूच्या दाबानं फवारा उडायचा. निम्मा वेळ तो आगीवर आणि निम्मा आमच्या पँटीवर. त्याआधीच्या पिढीकडे कार्बन टेट्राक्लोराइडची यंत्रं होती. तापलेल्या धातूवर त्यातून फॉस्जिनसारखा विषारी वायू निघतो हे ध्यानात आल्यावर ती गेली. मग हॅलॉन आला. आम्हाला तो देवदूत वाटला, पण ओझोनच्या थराला तो मारक निघाला आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला. आता कोरडी भुकटी, पाण्याचं धुकं, स्वच्छ वायू, आणि कोणत्या आगीला कोणतं साधन याचे पक्के वर्ग. टेपच्या जागी लेझर, अंदाजाच्या जागी उष्णता दाखवणारा कॅमेरा. धुरात ओलं फडकं तोंडाला बांधून शिरणं हा आमच्या काळचा पराक्रम. आता श्वसनयंत्राशिवाय आत शिरलं तर शिस्तभंग. हा बदल फार उशिरा झाला, एवढीच माझी तक्रार.

आणि मुली. आमच्या बॅचमध्ये मुलगी असण्याची कल्पनाही कुणी केली नव्हती. वसतिगृहापासून स्नानगृहापर्यंत सगळं पुरुषांच्या हिशेबानं बांधलेलं. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी त्या महाविद्यालयात अग्निशमन अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्यांचं नाव झालं. आता मी बोलायला जातो तेव्हा समोर मुली असतात, आणि तपासणीच्या विषयातले बोचरे प्रश्न बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येतात. परवा एकीनं विचारलं, ‘सर, आसरा घ्यायच्या मजल्यावर सोसायटीनं देऊळ बांधलं असेल तर नोटीस कुणाच्या नावानं काढायची?’ वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण अशी देवळं, कपाटं, टेबलटेनिसची टेबलं आणि वाढदिवसांचे मंडप मी स्वतः पाहिलेत.

मग उणं कुठे आहे? ते मला एका पंपघरात दिसलं. प्रशिक्षणार्थींना एका उंच इमारतीत नेलं होतं. हातात टॅब, त्यावर तपासणीची यादी. मुलं झपाझप खुणा करत होती : जमिनीखालची टाकी आहे, मुख्य पंप आहे, डिझेलचा पंप आहे, जॉकी पंप आहे, दाबमापक आहे. सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या. मी म्हटलं, ‘आता दोघंजण सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, तिथला लँडिंग व्हॉल्व्ह उघडा. बाकीचे इथं माझ्याबरोबर थांबा.’ वर व्हॉल्व्ह उघडला की नळातला दाब घसरतो. आधी छोटा जॉकी पंप आपोआप सुरू व्हायला हवा. त्याला पेललं नाही की मुख्य पंप घुमायला हवा. आम्ही दाबमापकाच्या काट्याकडे बघत उभे. काटा खाली आला, आणखी खाली आला, आणि तिथंच थांबला. पंप गप्प. पॅनेलवरची कळ ‘ऑटो’ऐवजी ‘ऑफ’वर होती. रात्री आवाज होतो म्हणून पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांनी वॉचमनला ती बंद ठेवायला सांगितलं होतं. भिंतीवर काचेच्या चौकटीत ताजा नमुना ‘ब’ लावलेला होता.

मुलांची त्यात चूक नव्हती. यादीत ‘पंप आहे का’ असं विचारलं होतं, आणि पंप होता. शिकवणाऱ्यांनी त्यांना काय असावं ते उत्तम शिकवलं; जे दिसतंय ते खरंच चालतं का, हे बघायची खोड लावायला वेळ कमी पडला. शिवाय आता तपासणीचा पहिला भार परवानाधारक अभिकरणांवर आहे. त्यांतली अनेक इमानेइतबारे काम करतात. पण कागद आधी तयार होतो आणि माणूस मागाहून येतो, असेही प्रकार घडतात. अधिकाऱ्यापुढे दाखल्यांचा गठ्ठा येतो. गठ्ठ्यातून इमारत दिसत नाही.

दुसरं उणं जुन्या वस्त्यांचं. संहिता नव्या इमारतीला मापात बसवते. पण काळबादेवी, भुलेश्वर, पुण्याच्या पेठा, कोल्हापूर-सोलापूरची जुनी बाजारपेठ, इथं लाकडी तुळया, एकच अरुंद जिना, पोटमाळ्यावर ठासून भरलेला माल आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वायरिंगचं जंजाळ. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. ज्ञान, अनुभव, धैर्य, त्यांच्याकडे कशाचीच कमतरता नव्हती. अशा इमारतींपुढे नवं पुस्तक अर्ध्यावर थांबतं. तिथं लागतं ते आमच्या तांडेलांचं ज्ञान : कोणती तुळई कुजलीय, कुठला माळा कशानं भरलाय, कोणत्या भिंतीच्या आधारानं आख्खा वाडा उभा आहे. पूर्वी हे डोक्यात होतं आणि कागदावर नव्हतं. आता कागद आहेत, पण डोकी तीन वर्षांत बदलीवर जातात.

मला विचाराल तर मी जुना काळ परत मागणार नाही. फोड आलेल्या तळहातांची आणि ओल्या फडक्यांची आठवण गोड लागते, कारण आम्ही वाचलो. जे वाचले नाहीत त्यांना विचारता येत नाही. आजचा अधिकारी आमच्यापेक्षा जास्त जाणतो, त्याच्या हातात कायदा आहे, अंगावर नीट पोशाख आहे. मला त्याच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात एकच भर हवी आहे. त्यातला एक महिना त्याला एखाद्या जुन्या पेठेत पायी फिरवा. सोबत एखादा निवृत्तीला आलेला तांडेल किंवा लीडिंग फायरमन द्या. तो जे तोंडी सांगेल ते मुलाला नकाशावर उतरवायला लावा, आणि तो नकाशा केंद्रावर ठेवा, म्हणजे माणूस घरी गेला तरी गाव दलातच राहील. आणि तपासणीच्या यादीत प्रत्येक ‘आहे का’च्या पुढे ‘चालवून पाहिलं का’ अशी आणखी एक चौकट आखा. यासाठी नवा कायदा लागत नाही, परदेशी यंत्रही लागत नाही.

वाचकांसाठीही थोडं. कितीही शिकलेला अधिकारी आला तरी तो वर्षातून एखादा दिवस येणार. उरलेले दिवस त्या इमारतीत तुम्ही असता. तेव्हा येत्या जानेवारीत किंवा जुलैत सोसायटीच्या सेक्रेटरींकडे नमुना ‘ब’ मागा, आणि तो देताना अभिकरणाचा माणूस खरंच वरच्या मजल्यापर्यंत गेला होता का, तेही विचारा. पंपाची कळ ‘ऑटो’वर आहे ना, ते वॉचमनला घेऊन स्वतः बघा. जिन्यातली सायकल, कुंडी, चपलांचं कपाट आजच हलवा. आणि महिन्यातून एकदा तरी लिफ्ट सोडून, घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन, जिन्यानं खाली उतरा.